आत्याचे दिवे

सायकलवाला पडला नाही, त्याला साधं खरचटलंही नाही. गाडी त्याच्या पुढच्या चाकाशी येऊन थांबली. त्याने एक पाय रस्त्यावर टेकला, हँडलला अडकवलेली पिशवी सावरली आणि खिडकीशी वाकून, अजिबात न रागावता, शेजाऱ्याला सांगावं तसं सांगितलं, "काका, अंधार पडलाय. दिवे लावा की." एवढं बोलून तो वळणावरून निघूनही गेला. दिवे लागलेले होते. गाडी चालवणाऱ्या मुद्रितशोधकाने खटका चाचपला, तो ओढलेलाच होता. तरी तो खाली उतरला, पुढे जाऊन दोन्ही दिवे पेटलेले पाहिले आणि परत येऊन बसला. शेजारी बायको एक हात समोर टेकून आणि दुसरा मानेवर धरून बसली होती. तिच्या मानेतली गाठ काढून फार दिवस झाले नव्हते. गाठ साधी निघाली, टाके सुकले, विषय संपला, पण कुठे धक्का बसला की तिचा हात अजून तिथे जायचा. लागलेत ना, तिने विचारलं. लागलेत, तो म्हणाला. मग त्या माणसाला दिसले कसे नाहीत, असं ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. त्याच्या मनात दुसराच प्रश्न उभा राहिला होता. त्या माणसाला दिवे दिसले नाहीत ते राहू दे. आपल्याला तो माणूस का दिसला नाही? उरलेला रस्ता त्याने गाडी इतकी हळू आणली की पायी चालणारे पुढे गेले.

गाडी आत्याची होती. आत्या डॉक्टरीण, बाळंतपणं करणारी, लग्न न केलेली आणि त्याबद्दल कुणाला एक अक्षर बोलू न देणारी. पोरं जन्माला यायची वेळ काही विचारून येत नाही, त्यामुळे ही गोल पाठीची, मोठ्या डोळ्यांची गाडी ती अवेळी कुठेकुठे घेऊन जायची. बाकी गाडीचं काय व्हायचं ते होऊ दे, दिवे तेवढे स्वच्छ ठेव, असं ती भाच्याला सांगायची आणि फडकं त्याच्या हातात द्यायची. तिच्या मागे गाडी त्याच्याकडे आली, आणि घरात गाडीचंच नाव आत्या पडलं. सकाळी सुरू झाली नाही की आत्याला सर्दी झालेली असायची. मुलगी लहान असताना पाहुण्यांना सांगायची की आमची आत्या बाहेर झोपते, आणि पाहुणे चहाचा घोट तसाच तोंडात धरून आईबापांकडे बघत राहायचे. आत्याने सांगितलं होतं ते भाच्याने नको इतकं मनावर घेतलं. दर रविवारी चहा झाला की जुन्या बनियनचं फडकं आणि पितळ घासायच्या पॉलिशचा डबा घेऊन तो अंगणात बसायचा. दिव्याची चकचकीत कडी सोडवायची, उभ्या रेघांची जाड काच उतरवायची, बल्ब काढून बाजूला ठेवायचा आणि आतली वाटी घासायला घ्यायची, गोल गोल, स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत. तीत जेवायचं आहे का, असं बायको येता जाता विचारायची. वर्षं गेली तशी त्या वाट्यांना एक सोनेरी झाक चढत गेली होती आणि ते आपल्या हाताचं यश आहे असं तो समजत होता. पॉलिशच्या डब्यावर 'चकाकी'तला मधला 'का' छापायचा राहून गेला होता. ही चूक त्याने दुकानदारालासुद्धा दाखवून दिली होती आणि दुकानदाराने त्याला दुसरा डबा देऊ केला होता, त्यावरही 'चकी'च होती. तेव्हा दिव्यांत खोट असणं शक्य नव्हतं, हे त्याने त्या संध्याकाळी गाडी आत लावताना मनाशी पक्कं केलं. इतकी निगा कुणी कुणाची ठेवत नाही. मग राहिलं काय? राहिले डोळे.

आईचे डोळे गेले होते. काचबिंदू, हा शब्द घरात फार उशिरा आला. त्याआधी कित्येक वर्षं आई आपल्या डोळ्यांची खोट झाकून घेत होती. कडेकडून जात होते ते. समोरचं दिसायचं, बाजूचं पुसट व्हायचं. उंबऱ्याला ठेच लागली की ती उंबऱ्यावर चिडायची, दूध उतू गेलं की दूधवाल्यावर. एकदा, तो शाळेतून आलेला, दुपारचं ऊन खिडकीतून आत अंथरलेलं, आणि आई म्हणाली, दिवा लाव रे, अंधारून आलंय. त्याने खिडकीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मुकाट्याने दिवा लावला. बरं झालं आता, असं ती म्हणाली. तिला काही दिसलं नव्हतं, खटक्याचा आवाज तेवढा ऐकू आला होता. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. पुढे सगळं कळलं, डॉक्टर झाले, थेंब झाले, आणि घर तिच्या बोटांत गेलं. कपाटाची कड, माठाचा गळा, दाराची कडी, मुलांचे चेहरे. ती गालावरून हात फिरवायची आणि म्हणायची, वाळलास रे, आणि खरोखरच तो वाळलेला असायचा, डोळे शाबूत असलेल्या कुणाच्या ते ध्यानात आलेलं नसायचं. हे रक्तात उतरतं, असं डॉक्टरांनी तेव्हाच मुलांना सांगून ठेवलं होतं. त्याने ते ऐकून घेतलं होतं आणि पुढे आयुष्यभर चुका शोधण्यासाठी डोळे विकत दिले होते.

छापखान्यात दुसऱ्या दिवशी तो आपल्या टेबलाशी बसला आणि आलेलं पान वाचू लागला. अक्षरं होती तिथे होती. टिंबं, काने, वेलांट्या, सगळं जागच्या जागी, किंवा जागच्या जागी नसेल तर लगेच टोचणारं. पण यात दिलासा नव्हता. आईलाही सुईत दोरा ओवता येत होता, शेवटपर्यंत जवळजवळ. त्याने एक डोळा झाकून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग दुसरा झाकून पाहिलं. मान सरळ ठेवून त्याने दोन्ही हात कानांशी नेले आणि बोटं हलवली, हलताना दिसतात का म्हणून. उजवीकडची दिसली, डावीकडची दिसल्यासारखी वाटली. समोर बसून अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याने विचारलं, काय साहेब, डास का? तो म्हणाला, डास. जुळाऱ्याने उठून खिडकी लावून घेतली, आणि मग दिवसभर त्या खोलीत दोघांचाही जीव गुदमरला. डोळ्यांच्या डॉक्टरचा दवाखाना त्याच रस्त्यावर होता. जाता येता पाटी दिसायची. त्या दिवसापासून तो पलीकडच्या बाजूने चालू लागला. भित्रा माणूस नव्हता तो. पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे विचारायचं, आणि विचारलं की उत्तर येतं. जोवर विचारलेलं नाही तोवर संध्याकाळ ही नुसती संध्याकाळ असते, थोडी लवकर झालेली. बायकोला सांगायचं तर तिच्या मानेवरची जखम अजून ओली म्हणावी इतकी ताजी. तिने आत्ताआत्ता कुठे श्वास सोडला होता, तिला परत धरून ठेवायला कुठे सांगा? त्याने ठरवलं, सांगायचं नाही. आणि संध्याकाळी गाडी काढायची नाही.

मग तो बघायला लागला. हे त्याने ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, पण एकदा सुरू झाल्यावर त्याने ते मन लावून केलं, जसं तो सगळंच करायचा. बायको खिडकीशी बसून केस विंचरायची, तो वर्तमानपत्र खाली करून बघायचा. ती दाराशी उभी राहून चप्पल घालायची, एक हात भिंतीला लावून, तो बघायचा. इतकी वर्षं हे सगळं डोळ्यांसमोरून गेलं होतं आणि कुठे गेलं होतं कोण जाणे. तिची डावी भुवई उजवीपेक्षा जरा वर आहे. हसताना आधी डोळे हसतात, तोंड मागाहून येतं. मानेवरचा नवा व्रण सुरवातीला लाल होता, मग गुलाबी झाला, मग त्वचेसारखा होत चालला. तो हे सगळं पाठ करत होता. पुढे अंधार झाला की आत बसून हे उघडून बघता येईल, असा त्याचा हिशेब. आपलं हिच्यावर इतकं प्रेम आहे ही बातमी त्यालाच नवीन होती. होतं, हे माहीत होतं. पण कपाटात गरम कपडे असतात तसं, थंडी आली की काढायचं. ती कधी मान वळवून विचारायची, काय बघताय? तो म्हणायचा, कुठे काय. ती क्षणभर थांबायची, आणखी काही विचारेल असं वाटायचं, आणि मग ती पुन्हा कामाला लागायची.

ती घरात नसली की तो डोळे मिटून फिरायचा. बिछान्यापासून दारापर्यंत, दारापासून मोरीपर्यंत. स्वयंपाकघर मात्र त्याला परकं होतं. उघड्या डोळ्यांनीसुद्धा त्याला तिथे मीठ सापडायची मारामार, मग मिटलेल्या डोळ्यांनी काय सापडणार? तिथेच एकदा त्याला तिने पकडलं. ती बाजारातून लवकर आली तेव्हा तो फळीसमोर उभा होता, डोळे घट्ट मिटलेले, एका हातात साखरेचा डबा, दुसऱ्या हाताचं बोट चाखायला तोंडात. काय करताय असं तिने विचारलं असतं तर त्याने काहीतरी थाप ठोकली असती. तशी एक थाप त्याने तयार ठेवलीही होती. पण तिने विचारलंच नाही. पिशवी खाली ठेवून ती नुसती उभी राहिली, आणि मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मीठ त्याच्या डावीकडे आहे. डब्याचं झाकण खरखरीत आहे बघा, हाताला कळतं."

त्या दिवसापासून ती त्याला शिकवू लागली. न बोलावता, न विचारता. चहा तर त्याला येत होता, पण तिने तो पुन्हा शिकवला, पाणी किती, आधण आल्याचा आवाज कसा. मग भात, बोटाच्या पेराने पाणी मोजून. मग अंडं उकडणं, ज्यात शिकवण्यासारखं काय असतं असं त्याला वाटलं होतं, पण पहिलं अंडं फुटलं आणि दुसरं त्याच्या हातावर पिवळं सांडलं, तेव्हा दोघंही हसली. कपडे धुवायच्या यंत्राचं कोणतं बटण कुठे, जाड कपडे कोणत्या कप्प्यात, शेजारीण दूध घेऊन ठेवते तिला काय म्हणायचं. मुलगी दूरच्या शहरात होती, तिचा फोन नेहमी आईला यायचा आणि तो मागून काहीतरी ओरडून सांगायचा. आता ती फोन त्याच्या हातात देऊ लागली. बोला तिच्याशी, नुसतं कशी आहेस विचारून ठेवू नका, ती बोलेल इतका वेळ ऐका. तो ऐकायचा. आणि मनात म्हणायचा, हिला कळलंय. कसं कळलं ते ठाऊक नाही, पण बायकोपासून काय लपतं? कळलंय, आणि तरी अवाक्षर काढत नाही, मला अवघड वाटू नये म्हणून. माझा हात धरून मला माझ्याच घरात फिरवतेय. रात्री ती झोपली आहे असं समजून तो तिच्या पाठीकडे बघत पडून राहायचा, आणि कृतज्ञतेने त्याचे डोळे भरून यायचे. आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल गप्प आहोत असं तो धरून चालला होता.

एका बाबतीत मात्र तिने तोंड उघडलं, आणि ती बाब म्हणजे दिवे. आत्याचे दिवे दाखवून आणा, तिने दोनतीनदा सांगितलं. सगळं नीट करून ठेवायचं एकदा, मागे काही राहायला नको. तो टाळत होता. दिव्यांवर ढकलायला काहीतरी जागा होती, ती त्याला हातची घालवायची नव्हती. दिवे दुरुस्त झाले आणि तरी रस्ता दिसला नाही, तर मग? पण तिचा चेहरा असा झाला की त्याला नाही म्हणवेना, आणि एका सुट्टीच्या दिवशी त्याने दोन्ही वाट्या कापडात गुंडाळून मुलामा देणाऱ्या बाईच्या कारखान्यात नेल्या.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही बाजूंना टाक्या, आंबूस वास नाकात जाऊन बसणारा. बाई ऐसपैस होती, कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातलेली, आणि तिचं अर्धं लक्ष कायम फोनवर, कारण तिच्या जावयाने तिच्या मुलीच्या नकळत मोटारसायकल विकली होती आणि हा खटला त्या दिवशी रंगात आला होता. तिने एक वाटी उजेडात धरली. धरली, फिरवली, आणि फोनमध्ये म्हणाली, थांब गं जरा.

"हे घासलं कुणी?"

"मी," तो म्हणाला.

"रोज?"

"दर रविवारी."

बाई हसत सुटली. वाईट हसणं नव्हतं ते, जावयावरचा राग मधेच विसरायला लावणारं होतं. वाटी पितळेची असते आणि तिच्यावर चांदीचा हात असतो, ती सांगू लागली, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ. उजेड परत फेकते ती चांदी. पितळ उजेड गिळतं. तुम्ही चांदी सगळी पुसून नेलीत. ही सोनेरी दिसते ना, ती झाक नाही, ते खालचं पितळ आहे. असा एक नाही, पुष्कळ येतात, आणि सगळे प्रेमळच असतात, कारण निष्काळजी माणसाची चांदी शाबूत राहते. तो पॉलिशचा डबा त्याने सोबत आणला होता, बाईला दाखवावा म्हणून, कोणता माल वापरतो ते. त्याने आता तो स्वतःच वर धरला. 'चकी'च्या खालच्या ओळीत लिहिलं होतं, मुलाम्यावर वापरू नये. त्या ओळीत चूक एकही नव्हती, म्हणून ती त्याने कधी वाचलीच नव्हती. तोंडात मारल्यासारखा तो उभा राहिला, आणि मग त्यालाही हसू आलं. दिवे खराब होते! पण घरी येईपर्यंत ते हसू विरलं होतं. दिवे वाईट असले म्हणजे डोळे चांगले, असं थोडंच आहे? दोन्ही वाईट असू शकतात. आईच्या घरात दिवाही जुना होता.

वाट्या तयार झाल्याचा निरोप आला आणि तो आणायला गेला नाही. आज छापखान्यात काम आहे, उद्या सुट्टी नाही, परवा पाऊस येईल. परवा कोरडं गेलं. जुळाऱ्याने मधे एकदा विचारलं, साहेब, डास गेले का? तेव्हा तो नको इतका तिरसटपणे बोलला आणि मग दुपारभर त्याच्याशी फार गोड वागला. वाट्या आल्या की परीक्षा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जोवर त्या बाईच्या फळीवर आहेत तोवर तो डोळस माणूस होता, निदान कागदोपत्री. शेवटी बाईने घरी फोन केला, तो बायकोने घेतला, आणि संध्याकाळी तो परत आला तेव्हा वाट्या टेबलावर होत्या. ती स्वतः जाऊन घेऊन आली होती. बाईने बजावलंय, ती म्हणाली, आतून हात लावायचा नाही, फडकं नाही, फुंकरसुद्धा नाही. चहा घ्या आणि बसवा. त्याने कापड सोडलं. आत वाट्या पांढऱ्या होत्या. त्याला पहिल्यांदा वाटलं की त्यांत पाणी भरलंय.

अंगणात उजेड होता तोवर दोघांनी काम उरकलं. गाडी त्याने दाराबाहेर काढून समोरच्या गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून लावली. ती त्याच्या शेजारी उकिडवी बसली, तळहातावर स्क्रू घेऊन, आणि तो हात पुढे करेल तसा एकेक देत गेली. बल्ब, वाटी, रबराची नवी कडी, काच. काचेच्या रेघा उभ्या आल्या पाहिजेत, तिरक्या बसल्या तर उजेड झाडावर जातो. ती मान वाकडी करून बघायची आणि सांगायची, अजून जरा डावीकडे, बस. तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागत होता. त्याने शक्य तितका वेळ लावला. एक स्क्रू दोनदा काढून बसवला. पण दिवे दोनच असतात, आणि ते बसले. अंधार पडायला लागला होता, तोच, सायकलवाल्याच्या वेळचा. बायको भिंतीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तो गाडीत बसला, दार लावून घेतलं, आणि काही क्षण मांडीवर हात ठेवून नुसता बसून राहिला. आईने या वेळी काय केलं असेल? मग त्याने खटका ओढला.

भिंत पुढे आली. असंच वाटलं त्याला, की भिंत दोन पावलं पुढे आली. विटा, विटांमधला चुना, चुन्यात कुणीतरी बोटाने ओढलेली रेघ. वर पत्र्याची गंजकी कड. तो समोर बघत राहिला आणि मान न हलवता त्याने बाजूला लक्ष नेलं, डावीकडे, अगदी टोकाला, जिथे आईचं सगळं आधी गेलं होतं. तिथे एक नळ होता. नळाच्या तोंडाशी थेंब लोंबत होता. तो मोठा झाला, पडला, आणि त्याच्या जागी दुसरा आला. उजवीकडे कडेला बायको उभी होती, तिच्या हातातला पेचकससुद्धा दिसत होता, पेचकसाची लाकडी मूठसुद्धा. कुणा डॉक्टरने याला पुरावा म्हटलं नसतं, पण त्याचा जीव भांड्यात पडला. तो बसल्या जागी हसायला लागला. हाताने घासून घासून स्वतःच्या पुढ्यात अंधार करून घेतला होता आपण, दर रविवारी, चहा झाल्यावर! उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन यायचं, त्याने ठरवलं. आता जायला पाय अडखळत नव्हते. तो दार ढकलून उतरला आणि जवळजवळ धावत तिच्याकडे गेला.

"दिसतंय," तो म्हणाला. "सगळं दिसतंय मला. दिवेच होते ते."

"छान पडलाय उजेड," ती म्हणाली.

"तुला कळलंच होतं म्हणा. बोलली नाहीस, पण मला सगळं हाताने शिकवत होतीस. मी काय समजलो होतो माहितेय? आईसारखे माझे डोळे चालले."

"तुमचे डोळे?"

"त्या सायकलवाल्यापासून. म्हणून तर डोळे मिटून डबे चाचपत होतो. म्हणून तुझ्याकडे बघत बसायचो. म्हटलं, दिसतंय तोवर बघून घ्यावं."

तिने पेचकस एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग सावकाश, त्याच्याकडे न बघता, तिने विचारलं, "माझी गाठ काढली तेव्हा डॉक्टर तुम्हाला बाहेर घेऊन गेले होते. काय म्हणाले होते?"

तो गोंधळला. साधी गाठ आहे म्हणाले, त्याने सांगितलं, आत येऊन लगेच सांगितलं की तुला. आणखी काय म्हणाले, तिने विचारलं. आणखी काही नाही, गाड्या लावायला जागा नाही म्हणून कुरकुरत होते. खरं सांगा, ती म्हणाली. खरंच सांगतोय, तो म्हणाला, आणि तेव्हा तिने वर पाहिलं.

"मी विश्वास ठेवला होता," ती म्हणाली. "चांगली महिनाभर मजेत होते. मग तुम्ही बघायला लागलात."

हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. आणि शिरू लागलं तसं एकेक करून सगळं फिरलं, खरखरीत झाकण, भात, मुलीचा फोन, जाड कपड्यांचा कप्पा, मागे काही राहायला नको. ती त्याला आंधळेपणासाठी तयार करत नव्हती. ती त्याला एकटं राहायला शिकवत होती.

"आणि मी तुम्हाला अंडं उकडायला शिकवलं," ती म्हणाली आणि हसली, आधी डोळे, मग तोंड, आणि ते हसू अर्ध्यात मोडलं. ती कोपर तोंडावर धरून रडली, थोडंच, उभ्याउभ्या. त्याने तिला जवळ घेतलं तेव्हा ती हाताला लागली नाही, इतकी वाळली होती. खांद्यांवर कपडे लोंबत होते. डोळ्यांखाली काळं झालं होतं. ज्या रात्री ती झोपलीय असं समजून तो तिच्या पाठीकडे बघत होता, त्या रात्री ती जागी होती. बोटातली अंगठी निसटू नये म्हणून तिने तिला दोरा गुंडाळला होता. तो दोरा त्याने रोज पाहिला होता. पांढरा दोरा, तीन वेढे, आतल्या बाजूला गाठ, इतका तो त्याने पाठ केला होता, आणि तो तिथे कशासाठी आहे हे त्याला एकदाही सुचलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तिच्यावर इतकी माया आली की काय करावं ते कळेना, म्हणून त्याने तिच्या हातातला पेचकस काढून स्वतःच्या खिशात ठेवला.

"एकदा विचारायचं तरी होतंस," तो म्हणाला.

तिने नाक पुसलं. दिव्यांच्या उजेडात तिचा चेहरा ओला आणि थोडा चिडलेला दिसत होता.

"विचारणार होते. पण तुम्ही इतक्या मायेने बघत होतात," ती म्हणाली, "वाटलं, विचारलं तर थांबाल."

गल्लीतून कुणीतरी गेलं, उजेडाने डोळ्यांवर हात धरून. आता थांबलात तरी चालेल, ती म्हणाली. तो थांबला नाही.